कुवेतमधला चढ

शरयू, काल आपण जत्रेला जाऊन आलो. आपण म्हणजे तुला सोडून बाकीचे सगळे.

बस ठरल्याप्रमाणे अडीचला महबूल्यातून, आपल्या इमारतीखालून निघाली. पाण्याच्या बाटल्या, ओले रुमाल, मुलांची जाकिटं, चटया, औषधांची पिशवी, सगळं यादीप्रमाणे होतं. दर वर्षी ते सामान बघून तू म्हणायचीस, "मंगलबाई, वाळवंटात हरवलो तरी महिनाभर जगू आपण." काल हे कोणी म्हटलं नाही. बस सुटली तेव्हा मला वाटलं, काहीतरी विसरलंय. मी यादी पुन्हा वरपासून वाचली. काही विसरलं नव्हतं.

तुला जाऊन आठ आठवडे झाले. यंदा जत्रा नको असं ग्रुपमध्ये बहुतेकांचं मत होतं, माझंही. विवेकच म्हणाला, जाऊ या, इराला घराबाहेर काढायला हवं. तुझ्या नवऱ्याने स्वतः सांगितल्यावर कोण नाही म्हणणार? मी वही उघडली आणि कामं वाटली.

जत्रा भरवणाऱ्यांच्या जाहिरातीत 'फॅमिली विंटर कार्निव्हल' लिहिलेलं असतं. जत्रा हे नाव तुझं. पहिल्या वर्षी फाटकातून आत शिरल्या शिरल्या तू म्हणालीस, पाळणे आहेत, खाण्याच्या गाड्या आहेत, धूळ आहे, म्हणजे ही जत्राच. तेव्हापासून आपल्या सत्तावीस माणसांसाठी ती जत्रा झाली. एका बाजूला साबणाच्या फेसाचा खोटा बर्फ उडवणारं यंत्र आणि त्यात नाचणारी मुलं. दुसऱ्या बाजूला मातीच्या भिंतींचं ते जुनं गाव. तिथे तेल सापडायच्या आधीचा कुवेत रोज संध्याकाळी चालू होतो. सुतार होडीच्या फळ्या जोडतो, पाणबुडे नाकाला चिमटा लावून मोती कसे काढायचे ते दाखवतात, बायका तंदुरात रोट्या लावतात. आठ वाजले की सगळे आपापल्या गाड्या काढून घरी जातात.

तुला त्या गावाचं वेड होतं. त्यावरून माझी चेष्टाही करायचीस. म्हणायचीस, पन्नास वर्षांनी आपलंही असं गाव बांधतील. महबूल्याचा एक फ्लॅट, गॅलरीत तुळस, गॅसवर कुकर, आणि खुर्चीत एक बाई यादी करत बसलेली. लोक तिकीट काढून बघायला येतील. मी विचारलं होतं, आणि तू काय करत असशील त्या गावात? तू म्हणालीस, मी उशिरा येणार ना, मला बघायला लोकांना थांबावं लागेल.

तो उशीर. आज मला त्याच्याबद्दल लिहायचंय, आणि लिहायला बसल्यापासून मी बाटल्या आणि चटया मोजतेय.

आपली मोजणी कशी सुरू झाली ते तुला आठवत असेलच. दुसऱ्या वर्षी आपण मोहितेवहिनींच्या सासूबाईंना तंदुरापाशी विसरून निघालो. दोन सिग्नल पुढे गेल्यावर मोहितेवहिनी म्हणाल्या, आज गाडीत फार शांत वाटतंय. परत गेलो तर आजी चौथी रोटी खात होत्या आणि आपण त्यांना विसरलो होतो हे त्यांना कळलंही नव्हतं. त्या दिवशी मी सगळ्यांना ओळीत उभं करून नंबर दिले. ज्याने त्याने आपला नंबर आपणच ओरडायचा, बसमध्ये चढण्याआधी. तू, मी आणि इरा शेजारी उभ्या होतो, म्हणून सात, आठ, नऊ. इरा तेव्हा पाच वर्षांची होती आणि माझ्या हाताला लोंबकळत होती. नंबर कधी बदलायचे नाहीत हा नियम माझाच.

गेल्या वर्षी मोजणी सहावर थांबली. "सहा" झालं आणि पुढे काही नाही. थंडी पडली होती, लहान मुलं रडायला लागली होती, ड्रायव्हरने इंजिन चालू केलं होतं. माझा आठ तोंडात तयार होता आणि तुझा सात येत नव्हता. शेवटी तू आलीस, अंधुक उजेडात, हळूहळू, वही छातीशी धरून. उम्म सालेमपाशी बसली होतीस, मागावर लोकर विणणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईपाशी. दर वर्षी तिच्या चटईवर तास-तास बसून तिची नक्षी वहीत उतरवून घ्यायचीस आणि शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना दाखवायचीस. तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यावाचून तुमचं काही अडत नव्हतं.

मी तुला सगळ्यांसमोर बोलले. सव्वीस माणसं तुझ्यासाठी थंडीत उभी आहेत म्हटलं. तू हसलीस. म्हणालीस, "अगं, येतच होते. मध्ये जरा टेकले. हा चढ चढताना दम लागतो हल्ली."

"चढ?" मी म्हटलं. "कुवेतमध्ये चढ कुठला? व्यायाम कर जरा."

सगळे हसले. तूही हसलीस. मग तुझा सात म्हटलास, मी माझा आठ म्हटला आणि बस निघाली.

शरयू, मी लातूरची. सपाट मुलखात वाढलेली. तू देवरुखची, घरापासून शाळेपर्यंत घाटी चढत मोठी झालेली. चढ कशाला म्हणायचं हे आपल्या दोघींत कोणाला जास्त कळत होतं? आणि मी काम काय करते? बावीस वर्षं मी लोकांचे ईसीजी काढते. दम लागतो असं सांगत आलेली बाई समोर बसली की तिला पुढचे चार प्रश्न मी झोपेतही विचारीन. कधीपासून, किती चालल्यावर, बसलं की थांबतो का, हातात कळ येते का. तुला मी एकही विचारला नाही. तू पेशंट नव्हतीस. तू उशिरा आलेली होतीस.

सप्टेंबरमध्ये लिफ्ट बंद पडली तेव्हा तू माझ्या मजल्यावर थांबलीस. मी दुसऱ्यावर, तू चौथ्यावर. कठड्याला धरून उभी होतीस आणि कपाळाला घाम होता. तेव्हा मात्र मी म्हटलं, चल, तुझा ईसीजी काढून टाकू. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी मी केव्हाही आणली असती. दहा मिनिटांचं काम. तू म्हणालीस, काढू की, शाळा आत्ताच उघडलीय, पहिले दोन आठवडे जाऊ देत. त्या शनिवारी मी वहीत लिहिलं: शरयू, ईसीजी.

माझी वही तुला माहीत आहे. डाव्या पानावर चालू आठवडा, उजव्यावर पुढचा. झालेल्या कामावर बरोबरची खूण, नको असलेल्यावर काट, आणि राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवायचं. तुझी ओळ मी अकरा वेळा उतरवली. प्रत्येक वेळी समासात कारण लिहिलंय, कारण ती माझी सवय. शाळेची तपासणी. गणपतीची आरास. माझी जोडीदारीण रजेवर. इराची चाचणी. क्लिनिकमध्ये नवीन मशीन. दिवाळीचा फराळ. तू गेल्यावर मी ती अकरा पानं काढून बसले. सहा वेळा नाही तू म्हणाली होतीस आणि पाच वेळा मी.

त्या पाच-सहावरून मी तुझ्याशी रोज भांडते. भाजी चिरताना, पेशंटच्या छातीवर चकत्या लावताना. म्हणते, तुझी एक वेळ जास्त आहे. मग तू म्हणतेस, मंगलबाई, मशीन कोणाकडे होतं? तिथे भांडण संपतं. खरं तर तू असं म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, जाऊ दे गं, चहा टाक. तुझ्या तोंडी हे कठोर वाक्य मीच घालते, कारण तू मला बोलावंस असं मला वाटतं आणि ते आता होणार नाही.

नोव्हेंबरमधल्या त्या मंगळवारी सकाळी तुझ्या शाळेतून फोन आला तेव्हा मी एका माणसाची ईसीजीची पट्टी काढत होते. फोन वाजू दिला. पट्टी पूर्ण केली. मग परत फोन केला. त्यानंतरचं तुला सांगत नाही.

एवढंच सांगते की तुला घरी पाठवायची यादी मीच केली. विवेकला कशाचीच शुद्ध नव्हती. हॉस्पिटलचा दाखला, शाळेचं पत्र, पोलिसांचा कागद, वकिलातीचा शिक्का, तुझा बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, परत करणं, विमानाची जागा, देवरुखला गाडी. चौदा ओळी. प्रत्येक खिडकीवर लोक म्हणाले, बसा, वेळ लागेल. मी बसले नाही. तीन दिवसांत चौदाही ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्या. सगळे म्हणाले, मंगल होती म्हणून झालं. हे ऐकून घेणं सगळ्यांत अवघड होतं, शरयू. चौदा कामं तीन दिवसांत. एक काम अकरा आठवडे.

त्या शनिवारी सवयीप्रमाणे वही उघडली. गॅसचं सिलिंडर, इस्त्रीचे कपडे, आईला फोन, आणि हात तसाच चालत गेला: शरयू, ईसीजी. लिहून झाल्यावर दिसलं. मग मी पेन घेऊन बसून राहिले. माझ्या वहीतून ओळ बाहेर पडायच्या दोनच वाटा आहेत. झालं म्हणून खूण करावी, तर झालेलं नाही. नको म्हणून काट मारावी, तर ते कोणत्या हाताने मारू? पुढच्या शनिवारी ती ओळ पुन्हा उतरवली. त्याच्या पुढच्याही. आज शनिवार आहे. वही समोर आहे, आणि तिच्यातच आधी हे लिहायला घेतलंय.

मला काही सुचेना तेव्हा मी आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांना क्लिनिकमध्ये बोलावलं. डॉक्टरांनी चिठ्ठ्या दिल्या, त्यांना कारण विचारावं लागलं नाही. दोन आठवडे, दिवसाला दोघंतिघं. प्रदीप कुरकुरला, म्हणाला, मला काय झालंय? मी म्हटलं, झोप. प्रत्येकाची पट्टी हातात आली की मी ती डॉक्टरांआधी वाचत होते. सगळे ठीक निघाले. मला आनंद व्हायला हवा होता.

इरा शेवटी आली. विवेक बाहेर बसला. सोळा वर्षांची तुझी मुलगी त्या अरुंद पलंगावर हात सरळ ठेवून झोपली आणि छताकडे बघत राहिली. तुझ्यासारखीच पायाची बोटं हलवते. मी म्हटलं, हलू नकोस, बोलू नकोस, आत्ता होईल. झालं. मी चकत्या काढत होते तेव्हा तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. मला समजलं नसेल असं वाटून तिने तेच मराठीत विचारलं.

"मावशी, आईचं दिसलं असतं का यात?"

हे मी आमच्या डॉक्टरांना आधीच विचारलं होतं, तीनदा, तीन वेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा ते म्हणाले, दिसलंही असतं, नसतंही. स्वस्थ पडलेल्या माणसाची पट्टी पुष्कळदा साफ येते. मी इराला म्हटलं, माहीत नाही, बाळा. तिने मान हलवली, बाजूचा कागद घेऊन छातीवरचं जेल स्वतःच पुसलं आणि कागद नीट घडी करून डब्यात टाकला. ती निघून गेल्यावर मी पलंगावरची चादर बदलली. 'माहीत नाही' हे उत्तर घेऊन कुठे जायचं असतं, ते मला कोणी सांगत नाही. अकरा आठवड्यांचं मी तिला सांगितलेलं नाही. विवेकलाही नाही. तुला माहीतच आहे.

कालच्या यादीत एक ओळ होती: उम्म सालेमला सांगणे, पाच वाजता. मला वाटलं पाच मिनिटं लागतील.

ती नेहमीच्या जागी होती. जमिनीवर ताणलेला माग, काळी-तांबडी लोकर, काचेच्या पेल्यात चहा. मला ओळखलं तिने. तुला ओढून न्यायला येणारी बाई म्हणून ओळखत असणार. मैत्रीण, असं म्हणून तिने हाताने तुझी उंची दाखवली आणि हवेत पेन्सिल फिरवली. माझं अरबी क्लिनिकपुरतं. झोपा, हलू नका, श्वास रोखा, झालं, उठा. यातला एकही शब्द मला वापरता येईना. रोज जिथे चकत्या लावते तिथे, डाव्या बाजूला, मी माझ्याच छातीवर हात ठेवला आणि मग तो उघडून तिच्यापुढे धरला. तिला कळलं. देवाने दया करावी असं इथे सगळे म्हणतात ते तिने म्हटलं, डोळे पुसले, आणि मागावरून हात न काढता चटईवर बाजूला सरकली. तुला सरकून जागा द्यायची तशी.

मी जत्रेत बसत नाही. तुला माहीत आहे, मी मोजत फिरते. काल बसले.

माझे अण्णा गेले तेव्हा विमानं बंद होती आणि मला लातूरला जाता येत नव्हतं. तू खाली आलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर बसलीस. मी उगाच डबे घासत होते. तू मदत केली नाहीस, समजूत घातली नाहीस, मला थांबवलंही नाहीस. संध्याकाळपर्यंत नुसती बसलीस. तेव्हा मला मनातून थोडा रागच आला होता, की ही काही करत का नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, शरयू. ते मी कधी कुठल्या यादीत लिहिलंच नव्हतं, त्यामुळे पुढच्या पानावर आलं नाही.

उम्म सालेम विणत होती. एक आडवा धागा, मग लाकडी पट्टीने दाबून बसवायचा, मग पुढचा. दहा वर्षं तू काय बघत होतीस ते मला थोडं दिसलं. घड्याळ मी बघितलं नाही. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, आणि असं मी या वहीत पहिल्यांदा लिहितेय.

मग बसच्या बाजूने प्रदीपचा आवाज आला. "एक." माझ्याशिवाय मोजणी सुरू झाली होती. "दोन," विवेकचा. तीन, चार, मोहितेवहिनींचा पाच, त्यांच्या सासूबाईंचा सहा, अजून खणखणीत. आणि पुढे शांतता.

यादीत मी सगळं केलं होतं, फक्त नंबर बदलले नव्हते. बदलायचे हे सुचलंच नाही. सात तसाच होता.

मी उठले. गुडघे आखडले होते. उम्म सालेमच्या खांद्याला हात लावला आणि निघाले, आधी चालत, मग पळत. फेसाच्या यंत्रापुढून, पाळण्यांच्या मागून, मैदान संपतं तिथपर्यंत. तिथून बस उभी असते त्या जागेपर्यंत वाळू वर चढत जाते. डोळ्यांना दिसत नाही, शरयू. खालून बघितलं तर सपाट वाटतं. पायांना कळतं. पोटऱ्या भरून आल्या, बूट रुतायला लागले, आणि अर्ध्या वाटेत मला थांबून गुडघ्यांवर हात ठेवावे लागले. जिथे थांबले तिथे एक दगडी कठडा आहे, टेकण्याएवढा. तू त्याच्यावरच टेकली असशील.

वर पोचले तेव्हा सगळे ओळीत उभे होते. कोणी मला उशिराबद्दल बोललं नाही. बोलायला हवं होतं. विवेक जमिनीकडे बघत होता. मोहित्यांच्या आजींच्या पुढे एका माणसाची जागा मोकळी होती, तिच्या शेजारी माझी मोकळी, आणि मग इरा. मी जाऊन माझ्या जागेवर उभी राहिले. मला आठ म्हणायचं होतं. श्वास पुरेना, आणि श्वास आला तरी शब्द येईना. सातनंतर आठ येतो, त्याच्या आधी मी तो कधी म्हटलेलाच नव्हता.

इराने माझा हात धरला. "मावशी, आठ," ती हळूच म्हणाली.

"इथे चढ आहे," मी म्हटलं.

प्रदीपला वाटलं मला बरं वाटत नाही. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती घेतली नाही. गेल्या वर्षी हसलेली सगळी माणसं तिथेच उभी होती, त्याच जाकिटांत.

"चढ आहे," मी परत म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शरयू बरोबर सांगत होती."

विवेकने वर बघितलं. इराने हात सोडला नाही.

"आठ," मी म्हटलं.

"नऊ," इरा म्हणाली.

मग दहा, अकरा, अशी मोजणी सत्तावीसपर्यंत गेली. सगळे चढले. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघून दर वर्षीसारखं विचारलं, "मॅडम, सब आ गए?"

दर वर्षी मी म्हणते, हां, चलो. काल मी नुसतं "चलो" म्हटलं.